यादीत नाही, पण लागतं

चवथ तोंडावर आली होती. गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत जोराचा पाऊस लागला की पत्र्याच्या शेडखाली बोलणं ऐकू येत नाही, माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत खुणांनी कामं उरकतात. अशाच एका दुपारी मी वायरिंग सेक्शनमध्ये एका तयार होत आलेल्या इलेक्ट्रिकल पॅनेलपुढे उभी होते. हातात त्या पॅनेलचा छापलेला बॉम. एक पॅनेल उभं करायला काय काय लागतं आणि किती लागतं, त्याची ही यादी: तांब्याचे बसबार, ब्रेकर, टर्मिनल, डिन रेल, लग, फेरूल, नट-बोल्ट, थेट पॅकिंगच्या लाकडापर्यंत. या याद्या सिस्टिममध्ये सांभाळणं हे माझं काम. अधूनमधून एखादं पॅनेल उघडून प्रत्येक ओळ समोरच्या वस्तूशी ताडून बघते. त्या दिवशी सगळं जुळत होतं. मग टेबलाशी काम करणाऱ्या मावशींनी (सगळे त्यांना मावशीच म्हणतात) पायाशी ठेवलेला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा वर घेतला. आत काळ्या रबराची ग्रोमेट होती. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे कडेला बसवायची ती रबरी रिंग. त्यांनी एक उचललं, अंगठ्याने चेपून अर्धं दुमडलं, भोकात सारलं आणि मागच्या बाजूने तर्जनीने गोल फिरवत ओढून घेतलं. पत्र्याची कडा खोबणीत बसली की बोटाला बारीकसा झटका लागत असावा, कारण नेमक्या त्या क्षणी त्या मान हलवत आणि पुढच्या भोकाकडे वळत. मी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली, उलटी पाहिली. ग्रोमेट कुठेच नव्हतं. विचारलं तेव्हा डब्याचं झाकण लावता लावता त्या म्हणाल्या, "हें यादीत ना गो. पूण लागता."

आवाजात तक्रार नव्हती. पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणाल्या.

ते पॅनेल आम्ही कित्येक वर्षं बनवतोय. सिस्टिममध्ये त्याचा बॉम मंजूर आहे, रिव्हिजन नंबर आहे, सह्या आहेत. रात्री एमआरपी चालतं, म्हणजे काय आणि किती मागवायचं याचा सिस्टिम हिशेब करते, सकाळी शॉर्टेजची यादी निघते आणि त्यात कधीही ग्रोमेट नसतं, कारण सिस्टिमच्या जगात ग्रोमेट ही वस्तूच नाही. स्टोअरवाले काका कॉटन वेस्ट आणि इन्सुलेशन टेपबरोबर कन्झ्युमेबल, म्हणजे वापरून संपणारा किरकोळ माल, म्हणून नजरेच्या अंदाजाने ती मागवतात, मावशी मूठभर उचलून डब्यात ठेवतात. ती बसवायची हे त्यांना कुठल्याशा जुन्या सुपरवायझरने शिकवलं होतं, जो आता कंपनीत नाही. न बसवलं तर त्या दिवशी काहीच होत नाही. पॅनेल टेस्टिंगला पास होतं, गाडीत चढतं, कुठल्यातरी पंप हाऊसमध्ये जाऊन उभं राहतं. मग थरथर, उष्णता, वर्षं. पत्र्याची धारदार कडा वायरच्या आवरणावर घासत राहते आणि एका दिवशी तांबं उघडं पडतं. त्या कडेच्या आणि त्या वायरच्या मध्ये इतकी वर्षं मावशी उभ्या आहेत, आणि त्या येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार आहेत.

घरी जाताना म्हार्दोळच्या चढावर गाडीचे वायपर पाणी सारत होते आणि मला तो डबाच दिसत होता.

बाहेरच्यांना आमचं काम कंटाळवाणं वाटतं हे मला ठाऊक आहे. पार्ट नंबर, संख्या, एकक, तारीख. पण या याद्यांवर किती मोठा विश्वास टाकलेला असतो, हे एकदा कळलं की त्या तशा वाटत नाहीत. पूर्वी कारखान्यांत प्रत्येक वस्तूचा साठा एका ठरावीक पातळीखाली गेला की ती मागवायची रीत होती. ट्रॅक्टर असो की ट्रॅक्टरच्या चाकाचा नट, दोघांना एकच न्याय. साठच्या दशकात अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी आणि त्यांच्यासारख्या काही मंडळींनी हा न्याय मोडला. गिऱ्हाईक किती ट्रॅक्टर घेईल याचा अंदाज करावा लागतो. पण ट्रॅक्टर किती करायचे हे ठरलं की नट किती लागतील याचा अंदाज कशाला, तो हिशेबच आहे. स्वतंत्र मागणी आणि अवलंबून असलेली मागणी हा त्यांनी केलेला भेद आजही प्रत्येक प्लॅनिंग सिस्टिमच्या मुळाशी आहे. 1975 मध्ये ऑर्लिकींचं या विषयावरचं पुस्तक आलं, तोवर संगणकही हाताशी आले होते. पण हिशेब करायचा तर कशात काय जातं हे आधी कोणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि ते लिहिणं यंत्राला जमत नाही. यंत्र फक्त विश्वास ठेवतं. आमच्याकडे एकच एम10 चा बोल्ट बसबारला लागतो, दाराच्या बिजागरीला लागतो, पायाच्या चॅनेललाही लागतो. सिस्टिम त्याला रचनेतल्या सगळ्यांत खालच्या पातळीवर नेऊन ठेवते, वरच्या सगळ्यांच्या गरजा गोळा होईपर्यंत थांबते आणि मग एकदाच त्याचा हिशेब करते. इतकी शिस्त, इतका धीर. आणि एवढं करून आम्ही लिहिलेलं जसंच्या तसं खरं मानते. म्हणून मला वाटतं, बॉममधली चूक ही नुसती नोंदीतली चूक नसते. जो आपल्यावर शंका घेऊच शकत नाही त्याला दिलेली ती खोटी साक्ष असते.

आमच्या क्षेत्रात 98 टक्के अचूक बॉम हा चांगल्या कारखान्याचा मापदंड मानतात. आकडा भरघोस वाटतो. पण शंभर ओळींच्या यादीत प्रत्येक ओळ बरोबर असण्याची शक्यता 98 टक्के धरली, तर ती अख्खी यादी बिनचूक असण्याची शक्यता उरते जेमतेम 13 टक्के. पॅनेल तर अख्खं असावं लागतं, 98 टक्के पॅनेल कोणी विकत घेत नाही. मग उरलेलं कोण पुरं करतं? लाइनवरचे हात करतात. कोणाच्या खिशात, कोणाच्या खणात, कोणाच्या डब्यात.

सगळ्या चुका सारख्या नसतात, हेही इतक्या वर्षांत कळलं. यादीत नसलेली वस्तू माणसाच्या सवयीवर तग धरते. यादीत असलेली पण न लागणारी वस्तू मात्र गुपचूप वाढत जाते. आमच्याकडे दारांना पूर्वी निओप्रीनची पट्टी चिकटवत, पुढे पीयू फोमची गॅस्केट ओतायला लागले. ड्रॉइंग बदललं, एका पॅनेलचा बॉम बदलायचा राहिला. त्या एका ओळीच्या जोरावर सिस्टिम पट्टीची रोळं मागवत राहिली. ती आजही मागच्या रॅकवर आहेत, पावसाळ्यात खोक्यांवर बुरशी चढते आणि हात लावला की पुठ्ठा ओल्या भाकरीगत तुटतो. बॅकफ्लशने या प्रकाराला आणखी धार येते. पॅनेल झालं असं सांगितलं की सिस्टिम यादीप्रमाणे माल आपोआप वजा करते. यादी चुकली असेल तर कागदावर साठा एक, रॅकवर दुसराच.

आणि तांबं. तांब्याबद्दल मला नेहमी जास्त बोलावंसं वाटतं. परचेसवाले तांबं किलोने घेतात, डिझाइनवाले मिलिमीटरमध्ये आखतात, फॅब्रिकेशनमध्ये ते मीटरच्या पट्टीने कापलं जातं. 50 बाय 10 ची पट्टी मीटरला साधारण साडेचार किलो भरते. हा साडेचारचा गुणक सिस्टिममध्ये एकाच जागी असतो, आणि तो चुकीचा पडला किंवा कोणी किलोच्या रकान्यात मीटर टाकले, तर सगळं पॅनेल एकतर फुकट मिळाल्यासारखं स्वस्त दिसतं नाहीतर तांब्याच्या भावाने डोळे पांढरे होतात. त्यात कापताना उरलेले तुकडे. हाताएवढा तुकडा पुढच्या कामाला येतो, वीतभर आला तर येतो, बोटभर भंगारात जातो. यादीत त्यासाठी स्क्रॅपचा टक्का असतो, आणि हा टक्का कोणी मोजून लिहिला आहे आणि कोणी भीतीपोटी फुगवून लिहिला आहे, ते मला आताशा ओळीकडे नुसतं बघून कळतं. मोजलेला टक्का वेडावाकडा असतो, 3.4 वगैरे. भीतीचा टक्का नेहमी 5 किंवा 10 असतो.

लहानपणी आमच्या घरी माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधायच्या चौकटीची, यादी काका करायचे. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, दरवर्षी नवी, पण अक्षरन्‌अक्षर तीच: नारळाची पेण, सुपारीचं शिपटं, केळ्यांचा घड, तोरिंजन, आंबाडे, निरफणस, आणि रानातून आणायच्या फळांची, फुलांची, पानांची मोठी रांग. चवथीच्या आदल्या दिवशी सगळं ओटीवर पसरायचं, काका एकेका नावावर खूण करायचे आणि मग गणपतीच्या डोक्यावरच्या चौकटीला एकेक वस्तू बांधली जायची. बांधायची केवणीच्या सालीच्या दोरांनी. हे दोर आमच्या कुळागरात काम करणारे एक आजोबा आणत. कोणी सांगायचं नाही, कोणी विचारायचं नाही, आदल्या संध्याकाळी भिजवलेल्या सालीची जुडी मागच्या पडवीत येऊन पडलेली असायची, तिचा ओलसर तुरट वास घरभर. एका वर्षी ते आजारी पडले. ओटीवर यादीतली प्रत्येक वस्तू हजर, एकूण एक खूण झालेली, आणि बांधायला काही नाही. कोणीतरी नायलॉनची दोरी आणली. गाठ धरेना, पेण दोनदा निसटली, आजीने देवापुढे हात जोडले. पुढच्या वर्षी काकांनी यादीत सगळ्यांत वर लिहिलं, 'केवणीचे दोर', आणि त्याच्यापुढे त्या आजोबांचं नाव. इतर कुठल्याही वस्तूपुढे नाव नव्हतं.

आजोबा गेल्यावरही काका नवीन यादीत ते नाव लिहीत राहिले. तेव्हा मला वाटायचं, सवयीने लिहितात.

माझा भाऊ वेर्ण्याला एका औषध कंपनीत आहे. जेवताना मी ग्रोमेटची गोष्ट सांगितली तर त्याचा घास हातातच राहिला. त्यांच्याकडे असा डबा असूच शकत नाही. गोळीत काय जातं ते बॅच रेकॉर्डमध्ये लिहिलेलं असतं, एकाने वजन करायचं, दुसऱ्याने तपासून सही करायची. पण मजा अशी की तिथे यादीतला आकडा स्वतःच दर बॅचला हलतो. समजा एका बॅचला 50 किलो शुद्ध औषध हवं. आलेल्या मालाची शुद्धता 99 टक्के आणि त्यात पाणी 2 टक्के, तर प्रत्यक्षात साधारण 51.54 किलो घ्यावं लागतं, आणि गोळीचं वजन तेच राहावं म्हणून तेवढाच भरणद्रव्याचा भाग कमी करावा लागतो. म्हणजे तिथली यादी दर वेळी समोरच्या मालाला विचारते की बाबा, तू आज किती आहेस. मला हे फार आवडलं. आमचं तांबं कसं आलंय, आमचा पत्रा कुठे धार धरतोय, हे आमची यादी कोणालाच विचारत नाही. थोडा हेवा वाटला. आणि थोडी धाकधूकही, कारण तो पुढे म्हणाला, "आमच्याकडे माणूस बदलला तरी काही फरक पडत नाही." त्याने ते अभिमानाने सांगितलं आणि औषधाच्या बाबतीत ते तसंच असायला हवं. पण मला मावशींची तर्जनी आठवली.

खरं तर या एका जागी माझं मन अजून स्थिर नाही. मावशींच्या यजमानांचा खाणीवर ट्रक होता. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा राहिला, हप्ते थांबले नाहीत, तेव्हा त्या पहिल्यांदा घराबाहेर कामाला आल्या. शिक्षण बेताचं. लाइनवर त्यांना मान मिळाला तो असल्याच बारीकसारीक जाणकारीने. कुठला ब्रेकर कुठल्या लगला नीट बसत नाही, कुठल्या दाराला वायरचा वळसा थोडा जास्त ठेवावा लागतो, ग्रोमेट कुठे लागतं. हे सगळं मी काढून यादीत घातलं, तर यादी सुधारेल यात शंका नाही. पण त्यांच्याकडचं जे त्यांचं होतं, ते कंपनीचं होईल आणि उद्या कोणालाही ते पार्ट नंबरसकट मिळेल. मी हे त्यांना स्पष्टच विचारलं. त्या थोडा वेळ फेरूल चढवत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरय गो. म्हज्या उपरांत येता ताका कळूंक जाय मगे." माझ्यानंतर येईल त्याला कळायला हवं. एवढंच.

मग मी बदलाची नोटीस काढली. नवीन ओळ, ग्रोमेट, 12 नग. डिझाइनच्या तरुण इंजिनियरने ती परत पाठवली: ड्रॉइंगमध्ये भोकं नऊच आहेत, बारा कशी? प्रश्न रास्त होता. आम्ही दोघं खाली गेलो. मावशींनी बोट दाखवलं. तीन भोकं दाराच्या मागच्या पट्टीत होती, मीटरची जागा बदलल्यावर फॅब्रिकेशनने पाडलेली, ड्रॉइंगवर कधी न आलेली. इंजिनियर वाकून बघत राहिला, त्याने खिशातून पट्टी काढून भोकांचा व्यास मोजला, मग मावशींना विचारलं, "मावशी, आणखी काय काय आहे असं?" त्या त्याला पुढच्या पॅनेलकडे घेऊन गेल्या. मी मागे उभी राहून लिहून घेत होते. दाराच्या अर्थिंगच्या वेणीखालचा खाचेदार वॉशर, रंगाचा थर फोडून धातूला भिडणारा. ट्रान्सफॉर्मरच्या बैठकीखालची रबरी चकती. बंदराने जाणाऱ्या मालात सिलिका जेलची दुप्पट पुडी, कारण इथली हवा खोक्यात शिरली की शिरलीच. प्रत्येक गोष्टीमागे एक प्रसंग होता, कुठली तरी साइटवरची तक्रार, कुठल्या तरी फिटरने रात्री केलेला फोन. वस्तू यादीत घालणं सोपं. पण ती का आहे हे बरोबर गेलं नाही, तर पाच वर्षांनी खर्च कमी करायला बसलेला कोणीतरी हुशार माणूस ती ओळ पहिल्यांदा उडवेल, आणि कागद बघता त्याचं बरोबरच असेल.

आता हे सगळं निकराला यायचं कारण म्हणजे आमची सिस्टिम बदलते आहे. जुन्या आवृत्तीचा मुख्य सपोर्ट 2027 च्या अखेरीस संपणार, म्हणून जगभर कारखान्यांची हीच धावपळ चालली आहे. पुण्याहून सल्लागार येतात. चांगली, मेहनती मुलं आहेत, रात्री उशिरापर्यंत बसतात, मोगाने फीश थाळी खातात. त्यांनी बॉम चढवण्यासाठी एक तक्ता दिला आहे: मूळ वस्तू, घटक, संख्या, एकक, स्क्रॅप, लागू तारीख. तारखा ठरल्या, हजारो ओळी एका सपाट्यात पलीकडे जाणार. त्या तक्त्यात टिपणाचा रकाना नाही. जुन्या सिस्टिममध्ये प्रत्येक ओळीला मजकूर जोडायची सोय होती, आम्ही ती फारशी वापरली नाही, म्हणून त्यांच्या पाहणीत ती 'रिकामी' ठरली आणि गळली. मजकूर वेगळ्या प्रोग्रॅमने न्यावा लागतो, त्याला वेळ लागतो, नंतर बघू, असं ते म्हणतात. नंतर म्हणजे कधीच नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

मी बैठकीत सांगितलं की मला तो रकाना हवा. सगळ्या ओळींना नको. जिथे वस्तू का आहे हे ड्रॉइंगवरून कळत नाही, अशाच ओळींना. त्यात दोन गोष्टी लिहायच्या: ही ओळ का आली आणि कोणाकडून आली. दुसरी गोष्ट ऐकून प्रकल्पाचे प्रमुख म्हणाले, नावं कशाला, विभाग लिहा. विभाग विचारला तर विभागात कोणीच काही सांगत नाही, माणूस सांगतो. ज्याला शंका येईल त्याला कोणाला फोन करायचा हे कळलं पाहिजे. आणि फोन उचलायला तो माणूस उरला नसेल, तरी ही ओळ कोणा कारकुनाच्या लहरीने आलेली नाही एवढं तरी कळलं पाहिजे. काका ते नाव का लिहीत राहिले, ते बोलता बोलता मला त्या मीटिंग रूममध्ये उमगलं. तिथे ते सांगितलं नाही, सांगण्याची जागा नव्हती. पण आवाज थोडा चढला असावा, कारण सगळे गप्प झाले.

प्रमुखांनी रकाना मान्य केला, मुदत मात्र वाढवून दिली नाही. म्हणजे ओळी आम्हालाच शोधायच्या आहेत, शिफ्ट सांभाळून. चवथ झाली की दर शनिवारी जेवणानंतर एकेक पॅनेल उघडायचं असं ठरलंय. वायरिंगवाल्या बाया, फॅब्रिकेशनचे दोघे, स्टोअरवाले काका, डिझाइनचा तो मुलगा आणि मी. काकांनी आतापासूनच एका वहीत कन्झ्युमेबलचं मागच्या वर्षाचं खातं उतरवायला घेतलं आहे, कारण त्यांच्या मते त्यातल्या निम्म्या वस्तू कन्झ्युमेबल नाहीतच. टेस्टिंगच्या माणसांनी विचारलं, आम्हालाही बोलावणार ना. त्यांचंही पॅनेलमध्ये बरंच काही आहे म्हणे, जे कुठे लिहिलेलं नाही. सुरुवात सगळ्यांत जुन्या पॅनेलपासून करायची, ज्याचा बॉम सगळ्यांत बरोबर आहे असं आम्ही आजवर धरून चाललो आहोत.